फ्रेमच्या मागची जागा

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. खोटं असतं तर सगळ्यात आधी मलाच बरं वाटलं असतं.

हे आमच्याच घरात घडलं. मागच्या खोलीत. आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते… हे सगळं दुपारी झालं. लख्ख उजेडात. शेजारच्यांचा रेडिओ चालू असताना.

माझी थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहते. गोधड्या शिवणं हा तिचा जीव की प्राण. मी तिच्या हाताखाली. दोरा ओवायचा, बॉबिन भरायचं आणि ती म्हणेल त्याला हो म्हणायचं.

पण ताईचा खांदा धरायला लागला. मोठी गोधडी साध्या मशीनखालून सरकवायची म्हणजे भिजलेली गादी ओढण्यातला प्रकार. डॉक्टर म्हणाले, शिवण बंद करा.

"मग दिवसभर काय करू?" ताई मला म्हणाली. "तुझं तोंड बघू?"

म्हणून फ्रेम घ्यायचं ठरलं.

फ्रेमवर सगळा उलटा कारभार असतो. गोधडी दोन रोलरवर ताणून बसवायची. कापड जागचं हलत नाही, मशीनच रुळांवरून चाकांवर फिरतं. आपण उभं राहून त्याच्या मुठी धरायच्या आणि हवं तिकडे न्यायचं. खांद्याला ताप नाही.

दुकानात दोन पाहिल्या. पहिलीवर बाळाच्या दुपट्यापेक्षा मोठं काही मावलं नसतं. दुसरी हात लावला की डुगडुगायची. ताईने ती एकदा हलवली आणि दुकानदाराकडे असं काही बघितलं, की त्या बिचाऱ्याने आपणहून विषय बदलला.

मग कुणाकडून तरी कळलं, एका घरी जुनी फ्रेम विकायची आहे. शिवणारी बाई म्हातारी होऊन, झोपेतच गेली. घरात तिची सून होती. तिने आम्हाला खोली दाखवली.

पण स्वतः दाराच्या आत आली नाही.

फ्रेम मात्र… काय सांगू. लांबलचक, भक्कम. मशीन नुसतं बोट लावलं तरी पाण्यावर सोडल्यासारखं सरकायचं. त्याला पुढे दोन मुठी होत्या आणि मागेही दोन. ताईने मला समजावलं, काहीजणी मागे उभं राहून कागदावरची नक्षी गिरवत शिवतात.

पुढच्या मुठींचा रंग वापरून वापरून उडाला होता.

मागच्यांचाही.

निघताना सून म्हणाली, "मागे एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडा. सासूबाई सोडायच्या."

मी विचारलं, त्या मागूनही शिवायच्या का.

"नाही. त्या पुढेच असायच्या."

मी ऐकलं. ताईनेही ऐकलं. पण ताईचा हात मशीनवर होता आणि चेहरा नव्या नवरीसारखा खुलला होता. अशा वेळी कोण कुणाचं ऐकतं?

घरी आणल्यावर खोली कमी पडली. आमच्या ह्यांनी टेप लावून मोजलं. एक तर कपाट राहील, नाहीतर मागची जागा. मागे उभं राहणार कोण, म्हणाले, मला तर शर्टाचं बटणही लावता येत नाही. आणि त्यांनी फ्रेम सरळ भिंतीला टेकवली.

मधे हातसुद्धा जाईना.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. ताईचा खांदा दुखायचा थांबला. मशीन फार हलकं चालतंय, म्हणायची. कुणी हाताखाली हात धरल्यासारखं.

मला आनंद झाला. तेव्हा.

मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले. ताई शिवत होती. मी काहीतरी विचारलं. तिने मान वळवली. माझ्याकडे बघून बोलली, हसली.

आणि तिचे हात…

शिवतच राहिले.

डोळे माझ्याकडे. आणि तिकडे कापडावर पानामागून पान उमटत होतं. नाजूक, देठासकट. ताईला अशी पानं कधीच जमली नव्हती. तिची पानं बटाट्यासारखी यायची, हे तीच सगळ्यांना सांगायची.

"ताई, हात थांबव."

तिने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"थांबवलेत की," ती म्हणाली.

मी चहा तिथेच टाकला आणि भिंतीतला प्लग ओढला. सुई थांबली. मशीनवरचा दिवा विझला.

घर्र…

चाकं फिरतच होती. बंद पडलेलं मशीन रुळांवरून पुढे जात होतं, मागे येत होतं, आणि ताईचे हात त्याच्याबरोबर. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. बोटं इतकी गार होती, की मला दुसऱ्याच कुणाचा हात धरल्यासारखं वाटलं.

मी त्या सुनेला फोन केला. सगळं सांगितलं.  तिने एवढंच विचारलं…

"मागे जागा सोडली होती ना?"

मी म्हटलं, फ्रेम भिंतीला टेकवलीय.



"मग ती उभी कुठे राहणार?"

ती म्हणजे कोण, असं मी विचारेपर्यंत फोन बंद झाला. नंतर तिने तो कधीच उचलला नाही.

आम्ही लगेच कपाट बाहेर काढलं. ह्यांनी आणि मी मिळून फ्रेम भिंतीपासून ओढली. माणूस उभं राहील एवढी जागा केली. ताई दारात उभी राहून बघत होती.

फ्रेम नव्या जागी टेकली…

आणि ताईचे दोन्ही हात गळून पडले.

लोंबायला लागले, धुतलेल्या टॉवेलसारखे. दुखलं नाही, खुपलं नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नसा ठीक, हाडं ठीक, डोकं ठीक. फक्त हात चालत नाहीत. आता मी तिला भरवते, तिची वेणी घालते, नाकाला खाज आली तर नाक खाजवते. लहानपणी मी तुझं पुसलंय, आता फेड, ताई म्हणते. तिची जीभ तेवढी शाबूत आहे.

मला एवढंच वाटतं… आम्ही जागा केली, तशी ती जी कोण होती ती मागे गेली. पण रिकाम्या हाताने गेली नाही.

कारण त्यानंतरच्याच एका दुपारी आम्ही दोघी पलंगावर बसलो होतो. मागच्या खोलीचं दार लावलेलं. हे कामावर. घरात तिसरं कुणी नाही.

घर्र…

आणि मग सुई. टकटक, टकटक. प्लग तर काढलेलाच होता.

मी ताईला घट्ट धरलं. ताई मात्र कान देऊन ऐकत होती. आवाज एका लयीत जायचा, वळणावर किंचित अडखळायचा आणि पुढे जायचा. पुन्हा वळण आलं. पुन्हा अडखळला.

ताई हसली.

"कोपऱ्यावर थांबायची खोड," ती म्हणाली. "आई किती रागवायची. माझेच हात आहेत गं ते."

ह्यांनी फ्रेम मोडून टाकायचं ठरवलं. पाना घेऊन आत गेले. पहिला बोल्ट पिळला, आणि इकडे माझ्याजवळ बसलेली ताई अगदी हळू म्हणाली, "थांबायला सांग. दुखतंय."

हात गेल्यापासून पहिल्यांदाच तिला हातांत काही जाणवलं होतं.

ह्यांनी पाना ठेवून दिला. तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत. फारसे कुठल्याच विषयावर बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. फ्रेमवरचं कापड संपलं की आवाज थांबतो. आणि ताईची बोटं गार पडायला लागतात. आधी नखं निळी होतात. मग पंजा… मग मनगट… त्याच्यापुढे कुठवर जाईल, ते बघायची माझी छाती नाही.

म्हणून मी सकाळी त्या खोलीत जाते. फ्रेमच्या पलीकडे बघत नाही. तयार गोधडी सोडवते, नवं कापड ताणून बसवते, दोरा ओवते, बॉबिन भरते. अशा गोधड्या तुम्ही जन्मात पाहिल्या नसतील. पानं, वेली, एकही टाका इकडचा तिकडे नाही. आम्ही त्या कुणाला देत नाही. कुणी पांघरतही नाही. नुसती चळत वाढतेय.

मला साधी शिंक आली तरी मी काढा उकळायला ठेवते. मी अंथरूण धरलं तर कापड कोण लावणार? हे ताईलाही कळतं. 

आत्ताही आतून आवाज येतोय. मधेच उठून मी ताईची बोटं चाचपून आले. कोमट आहेत. आज मोठं कापड लावलंय, म्हणून एवढं लिहायला सवड मिळाली.