हाव, बाबू

नवशिक्याने पहिला सॉफ्टवेअर सिंथेसायझर कोणता घ्यावा, हे मी धम्मरत्नला विचारले तेव्हा ऑक्टोबर नुकताच लागला होता. मेहकरला बसस्थानकामागे त्याची ध्वनिमुद्रणाची खोली आहे. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि एक पंखा, जो कोणी गायला उभे राहिले की बंद करावा लागतो. लग्नाची गाणी, भीमगीते, निवडणुकीच्या घोषणा, सगळे तिथेच होते. मी त्याच गावातल्या एका महाविद्यालयात लिपिक आहे आणि रोज जानेफळहून ये-जा करतो. संगीतातले मला काही कळत नाही. त्यामुळे माझा प्रश्न ऐकून त्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

"तुले वाजवाचं काय हाय पन?"

"एक आवाज हाय. धरून ठेवाचा हाय."

"धरून ठेवाले म्हैस हाय का बे ते?"

मी हसलो नाही, तेव्हा तो गंभीर झाला. सिंथेसायझर म्हणजे संगणकात राहणारे वाद्य, त्याने समजावले. त्याला लाकूड नाही, तार नाही, भाता नाही. पडद्यावर काही खुंट्या असतात आणि आवाज कशापासून घडवायचा ते आपण सांगायचे. नवशिके पाच-पाच उतरवून घेतात आणि एकही शिकत नाहीत. सगळे येणारे एकच घ्यावे आणि त्याच्यापाशीच बसून राहावे, असे त्याचे मत होते. तीन नावे त्याने कागदावर लिहून दिली.

कोणता आवाज, हे मी त्या दिवशी त्याला सांगितले नाही. सांगायचे तर माझ्या थोरल्या भावाबद्दल, दादाबद्दल, सांगावे लागले असते.

माझी आई, शारदा, ऑगस्टच्या एकवीस तारखेला गेली. ती निंदणाची, दळणाची गाणी म्हणायची. वडील मी लहान असतानाच वारले; तेव्हापासून शेतात एकटी असली की ती स्वतःशीच गात असे. मी तिला फोनमध्ये आवाज साठवायला शिकवले होते. दुपारी कामे उरकली की ती ओसरीत बसून एकेक गाणे त्यात म्हणून ठेवायची. एकशे बारा झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी मी माझ्या संगणकावर घेणार होतो.

तेराव्या दिवशी शय्यादान झाले. गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या, बॅटरी, सगळे नवे आणून अंगणात मांडले होते. शेवटी गजेंद्रदादाने आईचा फोन आणून उशीवर ठेवला. मृताला वाटेत जे जे लागेल ते द्यायचे असते. आईला फोनशिवाय करमत नव्हते, म्हणून फोन. चार माणसांनी माना डोलावल्या. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. देण्याआधी फोन त्याने पूर्ण पुसून कोरा केला होता. घरचे फोटो बाहेरच्यांनी कशाला पाहावेत, असे तो म्हणाला.

मी अंगणात उभा होतो. माझा राग बोलत नाही. तो माझ्याबरोबर जेवतो, आंघोळ करतो, सव्वानऊच्या बसमध्ये शेजारी बसतो. त्याला माहीत नव्हते, आत काय आहे हे दादाला माहीत नव्हते, असे मी दोन महिने त्या रागाला समजावत होतो.

आईचा एकच आवाज उरला होता. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये, तिने मला पाठवलेला एकुलता एक आवाजी निरोप. तारीख सोळा ऑगस्ट, वेळ दुपारी तीन वाजून बारा मिनिटे, लांबी दोन सेकंद. त्यात ती म्हणते, "हाव, बाबू."

बाबू मला फक्त तीच म्हणायची. म्हणजे उत्तर मलाच होते. पण मी काही विचारलेच नव्हते. त्या निरोपाच्या वर आदल्या आठवड्यातले औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र आहे, दुसरे काही नाही. कचेरीत मी तो ऐकला, चुकून बोट लागले असेल असे समजलो आणि परत फोन केला नाही. पाच दिवसांनी ती गेली. तेव्हापासून मी त्या दोन शब्दांतला सूर ओळखायचा प्रयत्न करत होतो. मी काहीही मागितले की हातातले काम न सोडता ती ज्या सुरात होकार देई, तोच तो सूर होता. तिने मला कधीच कशालाही नाही म्हटले नव्हते.

पहिला सिंथेसायझर बाहेरचा आवाज आत घेतच नव्हता. दुसऱ्याने घेतला, पण पट्टी बदलताच त्याची डासासारखी गुणगुण केली. तिसरा मात्र खरोखर सगळे जाणणारा निघाला. तो ध्वनिफितीचे मोहरीहून बारीक कण करी आणि हव्या त्या एका कणावर थांबून राही. मी 'हाव'मधल्या आकारावर पडद्यावरची सुई नेली, एक कळ दाबून धरली, आणि आई माझ्या कानात थांबली. किती वेळ, ते मला आठवत नाही.

तो चाचणीपुरता उतरवलेला होता. अशा फुकट चाचणीत एक अडसर घातलेला असतो. दर मिनिटाला तीन सेकंद आवाज आपोआप बंद पडतो आणि मग पुन्हा सुरू होतो. पहिल्या दिवशी मला त्याचा संताप आला. दुसऱ्या दिवशी मी त्या तीन सेकंदांची वाट पाहू लागलो.

कारण ते तीन सेकंद रिकामे नव्हते. आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी शून्यावर उतरलेली असे, आणि तरी कानात काहीतरी उरे. फोनवर बोलताना समोरचे माणूस आपल्या बोलण्यासाठी थांबते तेव्हा जसे उरते, तसे. मी पडताळून पाहिले. सिंथेसायझरची स्वतःची साधी लहर वाजवली, तर त्या तीन सेकंदांच्या खंडात काहीच नव्हते. पावसाचा आवाज घातला, काहीच नव्हते. आईची फीत घातली की ते पुन्हा होते.

धम्मरत्नला मी संगणक नेऊन दाखवला. आधी मूळ निरोप ऐकवला. त्याने तो चार वेळा ऐकला.

"मांगं थ्रेशर चालून राह्यलं न बे हे?"

मी म्हटले, असेल.

"सोळा ऑगस्टले? तवा सोयाबीनले शेंगा बी भरल्या नव्हत्या. कोन काढते ऑगस्टात?"

पार्श्वभूमीला खरेच मळणीयंत्राची घरघर होती. त्याखाली लोखंडावर लोखंड घासल्याचा एक किंचाळता आवाज होता, आणि अगदी शेवटी गाडीची किक. मग मी त्याला लांबवलेला आवाज ऐकवला. खंड आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहत होतो. दुसरा खंड संपल्यावर त्याने हेडफोन काढून टेबलावर हलकेच ठेवला.

"कोनीतरी फोन कानाले लावून उभं हाय," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "तू इचारलं काय होतं तिले?"

"काहीच नाही."

"मंग ते हाव कायले म्हनली?"

त्याने पंखा लावला आणि दुसऱ्या कामाला लागला. मी निघालो तेव्हा दुसरा कोणताही घे, हा नको, एवढेच तो पाठमोरा म्हणाला.

दसऱ्याला दादाने अंगणाला लोखंडी फाटक बसवले. तोवर तिथे बाभळीच्या काट्यांची झडप होती. कारागिराने फाटक बिजागरीत अडकवून पहिल्यांदा लोटले आणि ते किंचाळले. मी ओसरीत चहा पीत होतो. सुचितावहिनींनी कपबशी फुटल्याचे पाहून विचारले, भाऊजी, लागलं का. मी नाही म्हणालो. खोलीत जाऊन निरोप ऐकला. तेच फाटक होते. आईने ते कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर मी संगणक उघडायचा नाही असे ठरवले, आणि सहा दिवस पाळले. सातवा दिवस म्हणजे आजचा रविवार.

दुपारी जेवायला आम्ही दोघे भाऊ बसलो होतो. वहिनी माहेरी, साखरखेर्ड्याला गेल्या आहेत. बाजूच्या शेतात शालिग्रामकाकांचे सोयाबीन निघायचे होते आणि उद्या आमचे. दादाला मेहकरहून पोत्यांचा बारदाना आणायचा होता. तो घाईने जेवत होता. भाकरी मोडता मोडता त्याने विचारले, की मी खोली लावून काय करतो. धम्मरत्नने गावातल्या कोणाला तरी सांगितले असावे.

"आईच्या आवाजाचा बाजा करून राह्यला म्हन्ते तू."

मग, का कोण जाणे, मी त्याला आईच्या गाण्यांबद्दल सांगितले. फोनमध्ये होती म्हणालो. तुला ठाऊक नसेल, असेही म्हणालो. मी त्याला सुटायला जागा करून देत होतो.

"ठावूक होतं ना," तो म्हणाला. "एकशे बारा होते. दोन-चार आयकले म्या. तेच ते, दयन अन् कांडन. पुसाले तीन डाव इचारते तो फोन, खरंच पुसू का म्हनून. म्या हाव म्हनलं."

ताक पिऊन तो उठला. चूळ भरली. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "मेलेल्या मानसाचं गानं घरात ठेवू नाई, ज्ञाना. तुह्याच भल्याचं केलं."

मी माझ्या खोलीत गेलो. दार लावून घेतले. संगणक सुरू केला.

कळ दाबून धरली. आई आली. मी तिच्या आकारात उभा राहून मिनिट संपण्याची वाट पाहिली. दोन महिने ज्या रागाला मी समजावत होतो, त्याची आता कोणीही समजूत घालत नव्हते. तीन वेळा विचारले होते फोनने दादाला. तीन वेळा.

आवाज बंद पडला. हिरवी पट्टी शून्यावर आली. पलीकडे कोणीतरी थांबले होते.

मी मोठ्याने बोललो नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही.

"आई, दादाले तुह्याकडं नेशीन का?"

बोलता बोलता मी कळ सोडलेली होती. सुई कुठल्याही कणावर नव्हती.

"हाव, बाबू."

काम हातात असताना म्हणावे तसे, चटकन.

मी हेडफोन काढला. शालिग्रामकाकांचे मळणीयंत्र सुरू झाले होते. घरघर खिडकीतून आत येत होती.

मग फाटक किंचाळले.

मग किक.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटे झाली होती.

मी अनवाणी धावलो. फाटक उघडे होते आणि हलत होते. रस्त्यावर धूळ होती, गाडी नव्हती. दादाला फोन लावला, तर तो घरात, ताटाशेजारी पाटावर वाजू लागला.

मेहकरचा रस्ता अर्ध्या तासाचा आहे. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना मी फोन केले. धम्मरत्न बसस्थानकासमोर जाऊन उभा आहे. दादा अजून तिथे पोहोचलेला नाही. आता सव्वापाच झाले आहेत. शेजारचे यंत्र थांबले आहे.

मधल्या काळात मी पुन्हा कळ दाबली, आणि प्रत्येक खंडात म्हणालो, नको. आई, नको, मी रागात होतो. विसाव्या खंडानंतर मोजणे सोडले. आता त्या तीन सेकंदांत काहीच नाही. साध्या लहरीत असते तशी निव्वळ शांतता. पलीकडच्या माणसाने बोलणे ऐकून घेतले आहे आणि फोन ठेवून ते कामाला गेले आहे.

शेवटी मी माझा फोन उघडला. तिचा निरोप तिथेच आहे, सोळा ऑगस्ट, तीन वाजून बारा. त्याच्या वर आता औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र नाही. ते एक जागा वर सरकले आहे. मधे माझा एक आवाजी निरोप आहे. तारीख तीच, वेळ तीच, लांबी तीन सेकंद.

तो मी वाजवलेला नाही. त्याच्या कोपऱ्यात दोन निळ्या खुणा आहेत.