कावळ्याने काढलेला बाण

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस चष्म्याच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत तऱ्हेतऱ्हेचे लोखंडी पाने वाजत होते आणि नाकावरचा चष्मा एकाच काडीवर लोंबत होता. दुसरी काडी त्याने मुठीत जपून धरली होती.

“माझ्याकडे सगळी हत्यारं आहेत,” तो ओशाळून म्हणाला. “फक्त एवढा बारीक स्क्रू-ड्रायव्हर नाही.”

“आणि आमच्याकडे फक्त तेवढंच हत्यार आहे,” काउंटरमागची मुलगी म्हणाली. “बसा.”

दुकान तिच्या मामांचं. मामा मागच्या खोलीत काचा घासायचे आणि पुढची बाजू भाचीवर सोपवून निर्धास्त असायचे. त्यांनी दिवसभर “भाची, ए भाची” असा पुकारा केल्यामुळे सगळी गल्लीच तिला भाची म्हणायची. चष्मा लागला म्हणून हिरमुसून आलेल्या मुलींना ती आरशासमोर बसवायची आणि समजूत घालायची, “चष्म्यानं रूप जात नाही गं. रूप जातं ते तोंड पाडून बसल्यानं.” तिच्या स्वतःच्या नाकावर जाड काचांचा चष्मा होता. त्याच्याशिवाय तिला समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता यायची नाही.

तिने स्क्रू बसवला. आठवडाभराने तो परत आला, स्क्रू ढिला झाला म्हणून. त्यानंतर आला तेव्हा स्क्रू चांगला घट्ट होता, पण दोघांनीही तसं काही दाखवलं नाही. तिने उगाचच तो पिळल्यासारखा केला आणि त्याने उगाचच मान डोलावली.

त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. दाराशी पाट्या पुसताना तिच्या काचांवर थेंब उडाले होते, म्हणून ती चष्मा काढून मऊ कापडाने पुसत होती. तेवढ्यात तो म्हणाला, “अरे… चष्मा काढला की तुम्ही वेगळ्याच दिसता.”

“वेगळी… म्हणजे?”

“म्हणजे… वेगळ्या.” त्याचे कान लाल झाले. मग घाईघाईने, विषय बदलण्यासाठीच जणू, तो म्हणाला, “रविवारी आम्ही डोंगरावर जातोय. गल्लीतलीच माणसं. तुम्हीही या ना.”

हा डोंगराचा नाद गल्लीला त्यानेच लावला होता. दिवसभर लोकांना उभ्या जागी वरच्या मजल्यावर पोचवणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र पायी चढायचा. आठवडाभर लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणीत दोरांशी झटापट केल्यावर त्याला एक दिवस उघडं आभाळ लागायचं, आणि माणसं सोबत असली तर आणखी बरं वाटायचं. शिंपीणमावशी, निवृत्त पोस्टमास्तर अशी मंडळी त्याच्या मागून बिनघोर चालायची. पुढारीपण हाच त्या बिचाऱ्याचा एकुलता एक मान होता.

भाचीला मात्र “वेगळ्याच” या शब्दाने घेरलं. भांडी घासताना वेगळी, केस विंचरताना वेगळी. कुणी सुंदर म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता, पण वेगळ्याच… ती आरशाजवळ गेली आणि चष्मा काढला. आता आरशात कोण दिसतंय हेच तिला नीट कळेना, तरी ती खूष झाली.

रविवारी निघताना मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “चष्मा कुठाय?”

“पिशवीत आहे, मामा.”

“घाल की मग. डोंगर बघायला चाललीस ना? का दाखवायला?”

ती हसून सटकली.

पायथ्यापासूनच धुकं उतरलं होतं. अंगावर पडतंय की नाही कळू नये असा पाऊस, ओल्या गवताचा वास, आणि पुढे चालणारी हिरवी-निळी माणसं. तिला सगळेच रंगाचे ठिपके दिसत होते, आणि त्यातला करड्या शर्टाचा ठिपका मधूनमधून जवळ येऊन विचारत होता, “दमलात?”

“छे. दमलात तर तुम्हीच. लिफ्टची सवय.”

“मी लिफ्टमध्ये बसत नाही हो. ती कशी बनते ते मला माहीत आहे.”

ती इतकी हसली की ठेच लागली. त्याने कोपराला धरून सावरलं आणि हात लगेच काढून घेतला नाही.

चढ सुरू झाला तशी मावशींना धाप लागली. शिवणाच्या मशीनवर जन्म काढलेली बाई, पायात जोर होता पण दम पुरेना. तो थांबला आणि भाचीला म्हणाला, “मी मावशींबरोबर मागे राहतो. तुम्ही पुढे व्हा. वाटेत फाटा लागेल, तिथे दगडावर पांढरा बाण रंगवलाय. तो दाखवेल तिकडे वळायचं. नीट बघून हाक द्या.”

“हिलाच पाठव,” पोस्टमास्तर म्हणाले. “चष्म्याच्या दुकानातली मुलगी. नजर पक्की असणार.”

चष्मा पिशवीत होता. हात घालून काढायचा, एवढंच. पण तो बघत होता… आणि तिला आणखी थोडा वेळ वेगळं राहायचं होतं.

फाटा आला. धुक्यात दोन वाटा फुटल्या होत्या आणि मधल्या दगडावर पांढरं काहीतरी होतं. लांबट, खाली फुटलेलं, डावीकडे झुकलेलं. बाणच असणार, दुसरं काय असणार?

“दिसला का?” खालून त्याची हाक आली.

“दिसला,” ती म्हणाली. “डावीकडे.” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

डावी वाट आधी गोड बोलली, मग काटेरी झुडपांत शिरली आणि शेवटी दगडाच्या एका जुन्या खाणीच्या काठावर येऊन संपली. खाली धुकंच धुकं. पोस्टमास्तरांचा पाय काठापाशी जेमतेम अडला. सगळे मागे सरकले. परत फिरताना पाऊस वाढला, वाट निसरडी झाली आणि उतारावर मावशी घसरल्या. उजवा पाय मुरगळला तो बघता बघता टम्म सुजला.

त्याने त्यांना पाठुंगळी घेतलं. फाट्यापाशी आल्यावर धुकं जरा विरळ झालं होतं. तो त्या दगडासमोर थांबला. वरच्या फांदीवर ओले कावळे बसले होते, आणि दगडावर त्यांनी जे करायचं ते केलं होतं. रंगवलेला बाण थोडा पुढे, उजवीकडच्या दगडावर स्वच्छ दिसत होता. त्याने दगडाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि मावशींना पाठीवर नीट घेत मंडळींना म्हणाला, “चूक माझी झाली. धुक्यात यांना एकट्यांना पुढे पाठवायला नको होतं, मी पुढे असायला हवं होतं.”

बोलायची हीच वेळ होती. तिचं तोंड उघडलंही, पण पोस्टमास्तर त्याच्यावर खेकसले, “चूक झाली म्हणजे? जीव गेला असता माणसांचा!” आणि तिने तोंड मिटलं. मग सगळा उतार ती त्याच्या मागून चालत राहिली. मावशींचा सुजलेला पाय तिच्या डोळ्यांसमोर हलत होता, आणि तेवढा मात्र तिला चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होता. असली लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती. धरणी दुभंगावी म्हणावं, तर खाणीच्या काठावरून ती आत्ताच परतली होती.

पुढचे दिवस तिने गिऱ्हाइकांशी धड बोलणं टाकलं. कुणी आरशात बघून तोंड पाडलं की तिला समजूत घालता येईना. गल्लीत मात्र बोलणं चालूच होतं. पोस्टमास्तर येता-जाता सांगत होते, की लिफ्टवाल्याला पुढारी करणं हीच चूक, आता शुक्रवारी मावशींच्या घरी सगळे जमू आणि काय ते ठरवू. मावशींना मशीनचं पायडल मारता येत नव्हतं, शिवायचे कपडे तसेच पडून होते.

शेवटी ती त्याला शोधत गेली. चौकातल्या उंच इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणजे तो तिथेच असणार. ती जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचली तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. तो ग्रीसने माखलेल्या हातांनी दोर तपासत होता. तिला बघून उठला आणि हात कुठे पुसावेत हे त्याला सुचेना.

“मला बाण दिसलाच नव्हता,” ती दारातूनच म्हणाली. “मी चष्मा लावला नव्हता.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“दगड बघितला ना मी. कावळ्याने काढलेला बाण होता तो.” त्याला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही इतक्या… रडकुंडीलाच आला होतात. आणि पाठीवर मावशी होत्या. म्हटलं, एवढं ओझं आहेच, त्यात थोडं आणखी.” थोडं थांबून त्याने विचारलं, “पण चष्मा का काढला होतात?”

ती खाली बघत राहिली. “तुम्हीच म्हणालात… वेगळी दिसते.”

तो गोंधळला. मग त्याने कपाळाला हात लावला आणि कपाळावर ग्रीस लागलं. “अहो, वेगळ्या म्हणजे… ओळखू येत नव्हतात. मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणापुढे बसलोय. मी आलो होतो ते चष्मेवालीला बघायला.”

आता हसावं की जिना उतरून पळावं, तिला कळेना. एका शब्दापायी ती आरशापुढे नटली, एका शब्दापायी मावशींचा पाय सुजला आणि त्या शब्दाचा अर्थच निराळा होता. तिने तोंड ओंजळीत झाकलं.

“कुणाला सांगू नका,” तो हलकेच म्हणाला. “माझ्या नावावर लागलंय ते लागू दे. पुढारीपणावाचून काही अडत नाही माझं.”

अडत होतं. त्याचा आवाजच सांगत होता. ते ऐकून तिला एकदम फार आवडला तो, आणि त्याच क्षणी आपली इतकी शरम वाटली, की आवडला हे सांगायलाही तोंड नाही असं वाटलं. याच्या मिंधेपणात राहून याच्यावर प्रेम करायचं कसं?

शुक्रवारी मावशींच्या खोलीत सगळे जमले. मावशींचा पाय स्टुलावर, कापडांचे गठ्ठे भिंतीला, पोस्टमास्तर खुर्चीत. तो दाराशी, आरोपीसारखा. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला, तेवढ्यात भाची उठून उभी राहिली. चष्मा डोळ्यांवर होता, त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा अगदी लख्ख दिसत होता, आणि ते फार वाईट होतं.

“वाट यांनी नाही चुकवली,” ती म्हणाली. “मी चुकवली. मला बाण दिसला नव्हता, तरी दिसला म्हणाले. चष्मा पिशवीत होता. चांगली दिसावी म्हणून काढला होता.”

पोस्टमास्तरांचं तोंड उघडं राहिलं. मावशींनी स्टुलावरच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“म्हणजे तुझ्या नटण्यापायी माझा पाय सुजला?”

“हो, मावशी.”

“आणि मी इथे रोज याला शिव्या घालतेय.” मावशींचा आवाज चढला. “पोटावर पाय आलाय माझ्या, कळतंय का तुला? गिऱ्हाइकं परत चाललीत. आणि तू इतके दिवस गप्प?”

“हो.” तिचे डोळे भरून आले. “संध्याकाळी दुकान मिटलं की येत जाईन. काज-बटणं, हेमिंग, हाताचं जे असेल ते करीन. पाय बरा होईपर्यंत.”

“ते करशीलच. न करून सांगतेस कुणाला.” मावशी जराशा निवळल्या, आणि मग शिंपिणीचे ते डोळे सुईसारखे बारीक झाले. “पण मला एक सांग. आम्ही सगळी म्हातारी माणसं. तू नटलीस कुणासाठी?”

हे तिने ठरवून ठेवलं नव्हतं. चूक कबूल करायला ती आली होती, एवढं सगळं नाही. मान वर करायची हिंमत होईना, कानशिलं तापली. पण एकदा खोटं ‘दिसला’ म्हणून काय झालं हे तिने बघितलं होतं.

“यांच्यासाठी,” तिने दाराकडे न बघता सांगितलं.

पोस्टमास्तरांनी चुळबुळ करून खुर्ची मागे सरकवली. मग दाराशी पावलं वाजली, आणि तो येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

“मावशी,” तो म्हणाला, “मग निम्मी चूक माझी धरा.”

“चूक कसली वाटून घेताय मेल्यांनो,” मावशींनी बटणांचा डबा पुढे ढकलला. “बटणं वाटून घ्या. आणि तू ते काळे हात आधी धुऊन ये.”

तो हात धुऊन आला आणि सतरंजीवर तिच्याजवळ बसला. ती दोरा ओवायला बघत होती, पण दोरा नेमका चुकत होता, आणि आता तर चष्म्याचंही निमित्त नव्हतं. इतके दिवस ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ सांभाळणाऱ्या त्या माणसाने हात पुढे केला.

“आण इकडे,” तो म्हणाला.

‘आणा’ नाही, ‘आण’. तिने सुई त्याच्या हातात दिली.