निरगुडीचा वास

"ती फांदी कोणी उपटली, ते आपण शोधून काढायचं," धनराजनं जेवता जेवता जाहीर केलं, आणि हर्षालीचा घास घशातच अडकला.

"पाणी पी गं," उज्वलामामी म्हणाली. "आणि तू रे, मोठा आलाय शोधणारा. आधी ताटातलं संपव."

"पण आई, मैना उद्या पळणार नाही म्हणजे आमचा संघ बुडालाच की. वाळूबाबांनी तिला उगाच झापलं. म्हणे तुझ्या शेळ्यांनी पाडली फांदी. शेळी कधी निरगुडीच्या वाटेला जाते का?"

"मग भूत आलं असंल," धाकटा अमोल म्हणाला.

"भुताला काय करायची फांदी? हर्षे, तू आहेस ना शोधायला?"

हर्षालीनं मान हलवली. दुसरं काय करणार बिचारी? ज्या चोराला सगळे शोधायला निघालेत तो चोर आपणच, हे भाकरीचा तुकडा हातात धरून कसं सांगायचं?

त्याचं झालं होतं असं. हर्षाली राहायची नाशिक रोडला. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या, तशी ती इगतपुरीजवळ भारतमामाच्या गावी आली होती, कारण रविवारी तिथे चिखलदौड होती. नाशिकच्या कुठल्याशा धावणाऱ्या मंडळींनी ती भरवली होती. मोठी माणसं मागून सुटणार, मुलं आधी. मुलांनी तिघातिघांनी पळायचं, तिघांनी मिळूनच शेवटची रेघ ओलांडायची, आणि जिंकतील त्यांना पळायचे खरेखुरे बूट. हर्षालीकडे बूट होते. धनराजचे फाटले होते. पाड्यावरच्या मैनाकडे बूट नव्हतेच, आणि तरी तिघांत सगळ्यात जोरात तीच पळायची. ते बूट आपले झाले तर शाळेच्या तालुक्याच्या शर्यतीत आपण कुणाला ऐकणार नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

शनिवारी दुपारी तिघं सरावाला गेली. हर्षाली मागे पडली, दोनदा आपटली, वैतागली. उंबराखाली चिखलात एक पानांची फांदी उभी दिसली. तिनं ती उपटली, पानं ओरबाडून फेकून दिली आणि झकास काठी केली. काठी टेकत टेकत ती ऐटीत घरी आली.

संध्याकाळी पाड्यावरून आरडाओरडा ऐकू आला, तशी सगळी तिकडे धावली. मैनाचे आजोबा वाळूबाबा तिला बोलत होते, "शेळ्या सोडून पळत बसतीस आन् हितं फांदी आडवी. उद्या पळायला जायचं नाय. शेळ्या वळायच्या."

तेव्हा हर्षालीला कळलं की उंबराखाली फार पूर्वी कोणीतरी विहीर खणायला घेतली होती आणि कातळ लागला म्हणून तशीच सोडली होती. पावसाळ्यात ती काठोकाठ भरते, वर गवत नि शेवाळ धरतं आणि बघणाऱ्याला वाटतं साधं डबकं आहे. म्हणून वाळूबाबा दर पावसाळ्यात तिथे निरगुडी रोवतात. जनावरं ती खात नाहीत, त्यामुळे फांदी टिकते. निरगुडी उभी दिसली की पाय टाकायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एका पाहुणीला.

तेव्हाच बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. तोंड उघडलंही होतं तिनं. पण वाळूबाबांचे डोळे लालभडक झाले होते, आणि मैना मान खाली घालून गप्प उभी होती. हर्षालीचं तोंड मिटलं ते मिटलंच. जाऊन तिनं ती काठी उंबराजवळच्या करवंदीच्या जाळीत खुपसली. घरी येऊन साबणानं हात धुतले. निरगुडीचा उग्र वास काही जाईना. परत धुतले. छे!

"सकाळी दुसरी रोवतो," असं वाळूबाबा म्हणाले होते. "शर्यत डोंगराच्या वरच्या सोंडेनं हाय. इकडं कोन येतंय मरायला?"

त्यावर हर्षालीनं स्वतःची समजूत घातली. रात्रभर घालत राहिली, झोप मात्र लागली नाही.

सकाळी शाळेच्या मैदानावर भोंगा वाजत होता. पाऊस भुरभुरत होता. मैनाच्या जागी अमोलला घेतलं होतं, आणि तो आनंदानं बेडकासारखा उड्या मारत होता. धनराजचा शोध मात्र अजून चालूच.

"गावातलं कोणी निरगुडीला हात लावणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे बाहेरचं कोणीतरी."

"त्या फिती बांधणाऱ्यांनी उपटली असंल," अमोल म्हणाला. शर्यतीची वाट कळावी म्हणून झाडांना गुलाबी फिती बांधल्या होत्या.

"असेल," हर्षाली म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिला स्वतःचीच चीड आली. आता आपण दुसऱ्यावर ढकलायलाही शिकलो!

शिट्टी झाली. पोरं सुटली. पहिल्या खाचरातच निम्मी पोरं पालथी पडली. नाशिकच्या इंदिरानगरहून आलेल्या तिघांचे पिवळेधमक बूट बघता बघता काळे झाले. धनराजला बांधावरून पळायची सवय, अमोल हलका, आणि हर्षाली आज काहीही विचार करायला लागू नये म्हणून जीव खाऊन पळत होती. ओढ्यापाशी त्यांनी पिवळ्या बुटांना मागे टाकलं. वरच्या उतारावर मैना शेळ्यांमागे उभी होती. डोक्यावर इरलं घेतलेली ती तिथूनच हात हलवत होती. तिला बघून हर्षालीनं मान वळवली.

वाटेला फाटा आला, आणि धनराज थबकला.

"हे काय? काल फिती वर सोंडेकडे होत्या. आज खाली उंबराकडे?"

त्यानं फितीची गाठ चाचपली. "ही आजची आहे. कालच्या फिती भिजून फिक्या पडल्यात, ही बघ कशी करकरीत. रात्रीतून कोणी तरी वाट फिरवलीय."

"असू दे ना," अमोल म्हणाला, "आपण पहिले आहोत. चला." आणि तो सुटला.

हर्षाली त्याच्यामागे धावली. उंबराखाली नारिंगी जाकिटातला एक जाडजूड माणूस उभा होता, त्याच्या गळ्यात शिट्टी होती, बाजूला केळ्यांचा मोठा क्रेट, आणि समोर तिकाटण्यावर कॅमेरा. कॅमेऱ्याचं तोंड थेट त्या डबक्याकडे होतं.

"या या," तो माणूस ओरडत होता. "मारा उडी. मस्त फोटो येईल."

अमोलनं पळता पळताच हात वर केले.

आपण एवढ्या जोरात पळू शकतो हे हर्षालीला त्या दिवशी कळलं. डबक्याच्या काठावर तिनं अमोलची बनियनच पकडली आणि दोघं चिखलात सपशेल लोळली. अमोलचा एक पाय पाण्यात गेला, गुडघ्याच्या वर, आणि तरी खाली काही लागेना. तिनं त्याला ओढून बाहेर काढलं.

"अरे, फोटो घालवलात," नारिंगी जाकीटवाले यादवकाका वैतागले. "डबकं आहे साधं. शहरातली पोरं दिसता."

"डबकं नाही, विहीर आहे," मागून आलेला धनराज धापा टाकत म्हणाला.

"आम्हाला नको शिकवू. शर्यत भरवणाऱ्या सुनील सरांनी स्वतः जागा निवडलीय. बाजूला व्हा, मागून पोरं येतायत."

खरंच येत होती. पिवळे बूट फाट्याच्या वरच्या वळणावर दिसायला लागले होते.

हर्षाली करवंदीच्या जाळीकडे बघत होती. काठी तिथेच होती. ती बाहेर काढली की सगळं उघडं पडणार. आणि नाही काढली तर? तिनं जाळीत हात घातला. काटे बोचले, ओरखडे उठले. सोललेली, पांढरी काठी घेऊन ती आली आणि काठावर पालथं पडून तिनं ती पाण्यात खुपसली. काठी गेली. जात राहिली. हात कोपरापर्यंत बुडाला, तरी तळ लागला नाही.

यादवकाकांचा चेहरा उतरला. धनराज मात्र पाण्याकडे बघत नव्हता. तो काठीकडे बघत होता, मग हर्षालीकडे.

"फोन करतो सरांना," यादवकाका पुटपुटले. फोन कानाला लावून त्यांनी चारी दिशांना फिरून पाहिलं. "रेंजच नाही. थांबा, विचारल्याशिवाय फितींना हात लावायचा नाही. माझ्यावर येईल सगळं. मी उभा आहे ना इथे, एकेकाला सांगतो."

"मोठी माणसं घोळक्यानं येतील, काका. कोणाकोणाला सांगाल?" हर्षाली म्हणाली.

"सरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात वरून मैनाची हाक आली, "काय झालं?"

धनराजनं तोंडाशी हात धरले. "मैने, शेळ्या खाली सोड. इथे केळी आहेत."

मैना हुशार. तिनं एक अक्षर विचारलं नाही. जीभ टाळूला लावून तिनं 'टर्रर्र' केलं आणि शेळ्यांचा तो घोळका उतारावरून असा आला की विचारू नका. पुढच्या बोकडानं क्रेटमध्ये तोंडच घातलं. "हाड! हाड!" करत यादवकाका धावले. एक शेळी केळ्यांचा घड घेऊन पळाली, काका तिच्या मागे, दुसरीनं त्यांच्या जाकिटाची दोरी धरली.

"आता," धनराज म्हणाला.

तिघांनी फिती सोडायला सुरुवात केली. हर्षाली सोडत होती, अमोल गोळा करत होता, धनराज फाट्यावर जाऊन त्या वरच्या सोंडेकडे बांधत होता. पिवळे बूट पोचले तेव्हा तो वाटेत हात पसरून उभा होता. "इकडून. वर."

"तुम्ही पुढे होतात ना? मग थांबलात कशाला?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

"आमचा दम गेला," धनराज म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य हर्षालीनं पहिल्यांदाच ऐकलं.

पोरं एकामागून एक वर गेली. मागून मोठी माणसं आली, तीही गेली; यादवकाका अजून शेळ्यांमागेच होते. बक्षिसाचे बूटही गेले त्या पोरांबरोबर.

थोड्या वेळानं सुनील सर तणतणत आले. सोबत भारतमामा होता. "फिती कोणी हलवल्या? माझा एकही फोटो आला नाही."

"मी," हर्षाली म्हणाली आणि परत एकदा काठी पाण्यात बुडवून दाखवली. सरांनी स्वतः हातात घेऊन बघितली. मग ते हळूच दोन पावलं मागे सरकले.

"वाट फिरवताना गावात कोणाला विचारलं होतंत?" भारतमामानं शांतपणे विचारलं.

सर गोरेमोरे झाले. "वर धुकं होतं, फोटो येत नव्हते. इथे उंबर, मागे डोंगर, समोर चिखल... पहाटे घाईघाईत फिरवली. चुकलंच. पण इथे धोक्याची काही खूणच नव्हती हो."

तेवढ्यात खांद्यावर निरगुडीची ताजी फांदी घेऊन वाळूबाबा आले. खाचराचा बांध फुटला होता, तो लिंपण्यात त्यांची सकाळ गेली होती. त्यांनी सरांचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मैनाकडे बघितलं. मैनानं कालच्यासारखीच मान खाली घातली.

हर्षालीला ते बघवलं नाही.

"बाबा, मैनाला बोलू नका. फांदी मी उपटली," ती म्हणाली. "काठी करायला. मला ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी कळलं, तरी मी गप्प बसले. तिला बोलणी बसली, तिची शर्यत गेली, आणि मी हात धूत बसले. आज अमोल..."  ती हुंदके देऊन रडायला लागली.

वाळूबाबांनी खांद्यावरची फांदी खाली ठेवली. मग त्यांनी मैनाच्या डोक्यावर हात ठेवला. "म्याच चुकलो, पोरी. इचारायचं सोडून वरडलो." आणि हर्षालीकडे वळून म्हणाले, "उपटलीस ते चुकीचं. दडवलंस ते लय चुकीचं. पन तुझ्यामुळं आज पोर वाचलं, ते बी खरं."

भारतमामानं तिला जवळ घेतलं, पण "घरी गेल्यावर बोलू" असंही म्हणाला.

मैदानावर सुनील सरांनी भोंग्यावरून स्वतःची चूक सांगितली. सगळ्यात पुढचा संघच चुकीच्या वाटेवर अडकला, तेव्हा मुलांची शर्यत दुपारी पुन्हा होईल, असं जाहीर केलं. मग म्हणाले, "आणि एवढ्या सगळ्यांना वाचवणारी हर्षाली..." टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्षालीला वाटलं, जमीन दुभंगावी. तिनं सरांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "मैनाचं नाव घ्या. शेळ्या तिच्या होत्या." सरांनी घेतलं. गाव हसलं आणि टाळ्या आणखी वाढल्या.

दुपारच्या शर्यतीला संघात धनराज, अमोल आणि मैना. हर्षाली आपणहून बाहेर राहिली. ती उंबराखाली जाऊन उभी राहिली.

"अगं, आता फांदी आहे ना तिथे," सुनील सर म्हणाले. "भिजशील उगाच."

"काल पण होती," हर्षाली म्हणाली.

सर मैदानाकडे निघाले. हर्षाली भर पावसात फांदीशेजारी उभी राहिली. वरच्या सोंडेवरून पोरं पळताना दिसत होती. सगळ्यात पुढे मैना अनवाणी पळत होती, आणि मध्येच थांबून मागच्या दोघांवर खेकसत होती.

शर्यत संपल्यावर मैना खाली आली. गळ्यात नव्या बुटांची जोडी लोंबत होती. "अमोलला त्याचं बूट लय मोठं व्हतात," ती म्हणाली. "दोनी पाय एकाच बुटात जात्यात."

हर्षाली हसली नाही. "मैना, तुला कळलं होतं का? माझ्याबद्दल?"

"काल संध्याकाळीच. तुझ्या हाताला वास येत व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय उपेग? आजा म्हनला असता, पाहुणीवर ढकलतीस." मैनानं खांदे उडवले. "म्हनलं, तूच सांगशील. लय येळ लावलास."

 हर्षाली आपल्या ओरखडलेल्या हातांकडे बघत राहिली.

"चल आता," मैना म्हणाली. "शेळ्या वळवायच्या हायेत. केळी खाऊन माजल्यात नुसत्या."

वाळूबाबांनी फांदी खोल रोवली होती, तरी हर्षालीनं जाता जाता ती एकदा दोन्ही हातांनी हलवून पाहिली. पक्की होती. मग ती मैनाच्या मागे निघाली. हातांना परत तोच उग्र वास येत होता. वाटेत ओढा लागला, पण ती हात धुवायला थांबली नाही.