आत न जाणाऱ्यांचा बाक

त्याची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्याच्यावर ओरडत असतानाच.

रविवारची सकाळ होती. भुरभुर पाऊस पडत होता आणि मी बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत प्लॅस्टरची पांढरी भुकटी लागलेली, अशी चर्चच्या फाटकाशी येऊन थडकले होते. मी कवळ्या बनवते. एका आजोबांची खालची कवळी सोमवारी द्यायची म्हणून सुट्टीच्या दिवशीही कामावर बसले होते, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. "तुमची लवंगी आत्ता चर्चमध्ये शिरताना दिसली हो!"

लवंगी म्हणजे माझी लेक. वय वर्षं नऊ, आकार मिरचीएवढा आणि तिखटपणा त्याहून जास्त. आदल्या संध्याकाळी ती वर्गातल्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती. चर्चचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

फाटकाच्या आत, भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. त्यावर एक माणूस छत्री धरून बसला होता. मांडीवर पाना, हातात वंगणानं काळं झालेलं फडकं. मला वाटलं, चर्चचाच कुणी असणार.

"अहो, तुमच्या या चर्चमध्ये कुणाचीही पोरं न विचारता आत घेतात का?"

तो उठून उभा राहिला. "माझं नाही हे चर्च. मी तर आतही जात नाही."

"मग इथे काय पहारा करताय?"

"मुलीची वाट बघतोय." जरा थांबून तो म्हणाला, "आणि... बहुतेक तुमच्याही."

म्हणजे हेच ते मैत्रिणीचे वडील! मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आमच्या घरात देवधर्म नाही, ते मी विचार करून ठरवलंय, माझ्या मुलीनं कुठे जायचं ते मी ठरवणार, तुम्ही कोण लागून गेलात... एका दमात सगळं. त्यानं छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत ऐकून घेतलं.

"चूक झाली," तो म्हणाला. "तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं."

बस्स, एवढंच. पुढे 'पण' नाही, 'परंतु' नाही. भांडायला कंबर कसून आलेल्या बाईचा याहून मोठा विरस नसेल. तो ओशाळं हसला तेव्हा त्याच्या पुढच्या दोन दातांमधली बारीक फट दिसली. माणसाचे दात आधी दिसतात आणि चेहरा नंतर, हा माझ्या धंद्याचा दोष. अशा फटी मी रोज बुजवते. ही बुजवू नये असं वाटून गेलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

लवंगीला मनगटाला धरून घरी आणलं.

माझा राग का होता, ते सांगते. माझे वडील चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचे. मी काही विचारलं की ते मारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. शांतपणे म्हणायचे, "असं विचारणारी मुलं जळतात." सहा वर्षांची मी पाय पोटाशी घेऊन झोपायची, कारण ज्वाळा पायाकडून येतात अशी माझी खात्री होती. लवंगी झाली त्या दिवशी ठरवलं, हिला हे भय शिवूसुद्धा द्यायचं नाही. ती दोन वर्षांची असताना तिचा बाबा दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटायला निघून गेला. तेव्हापासून तिच्या बुटांपासून तिच्या देवापर्यंत सगळं मी एकटीनंच ठरवत आले होते.

बुधवारी लवंगी माझ्या कामाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"आई, काकांना उगाच ओरडलीस. त्यांनी आधी विचारलं होतं, आई हो म्हणाली का म्हणून. मी त्यांना चिठ्ठी दिली होती."

"कुणाची चिठ्ठी?"

"तुझी. म्हणजे... मी लिहिलेली तुझी."

चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणे, 'आमच्या पाल्यास चर्चमध्ये नेण्यात यावे ही नम्र विनंती.' खाली माझी सही. माझ्या हातातला मेणाचा दात टेबलावर पडला. माझ्यासमोर उभं राहून तो माणूस शिव्या खात होता, तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या खिशात होती. एकदा बाहेर काढली असती तर माझं तोंड बंद झालं असतं. पण मग लवंगीची काही धडगत नव्हती.

"का केलंस असं?"

"तू नाहीच म्हणाली असतीस. आत काय असतं ते तू सांगतच नाहीस. नुसतं वाईट असतं म्हणतेस. मौनी दर रविवारी जाते, ती कुठे वाईट आहे?"

मौनी म्हणजे ती मैत्रीण. दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलते म्हणून अख्खा वर्ग तिला मौनी म्हणतो.

पुढच्या रविवारी मी माफी मागायला गेले. थर्मासमधून चहा नेला होता. माफी मागायची सवय नसली की हातात काहीतरी असलेलं बरं असतं.

"चिठ्ठी दाखवली का नाहीत?"

"छान लिहिली होती," तो म्हणाला. "जपून ठेवलीय."

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. रविवारीसुद्धा कुठे कुणी अडकलं की त्याचा फोन वाजे, म्हणून पाना सोबत. मी विचारलं, "अडकलेल्या माणसाला आधी काय सांगता?"

"खरं ते. तुम्ही अडकलाय, मी निघालोय, वीस मिनिटं लागतील. काही झालेलं नाही, असं सांगितलं की माणूस जास्त घाबरतो."

त्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली. ती मनापासून प्रार्थना करणारी होती आणि हा अजिबात न करणारा. जाताना तिनं एवढंच मागितलं, मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत दर रविवारी तिला इथे आणत जा, मग तिचं ती ठरवेल. याच चर्चमधून तिला शेवटचं नेलं, आणि त्यानंतर तो उंबऱ्याच्या आत गेलेला नव्हता. मुलीला मात्र एकही रविवार चुकवू दिला नव्हता.

"पण तुम्हाला जे पटत नाही ते पोरीच्या कानावर पडतं, त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना! म्हणून तर आम्ही चालत घरी जातो. पुलापर्यंत मौनी बोलते, काय ऐकलं, काय पटलं, काय नाही. पुलावर मी तिच्या आईची बाजू मांडतो. पूल संपला की माझी."

"आणि आईची बाजू प्रामाणिकपणे मांडता?"

"तेच तर अवघड आहे." तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "बहुतेक वेळा तीच जिंकते."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. स्वतःला न पटणारी बाजू इतक्या मायेनं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या वडिलांना देव पटला होता, पण असा एक पूल त्यांना कधी बांधता आला नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी लवंगीला सांगितलं, "चार रविवार जाऊन ये. मी बाहेर बसेन."

खरं सांगायचं तर बाहेर बसायची मला घाई झाली होती.

ते चार रविवार! आत पेटी वाजे, बाहेर पागोळ्या. एका छत्रीत दोघं बसायचं म्हणजे एकाचा खांदा भिजणारच, आणि तो नेहमी त्याचाच. मी म्हणायची, "सरका की जरा इकडे." तो म्हणायचा, "सरकलो तर तुम्ही पुन्हा ओरडाल." "आता नाही ओरडणार." "मग मजा काय!" बोलता बोलता त्याचा हात माझ्या हाताजवळ यायचा... आणि थर्मासकडे वळायचा. कामावर मी एका बाईंच्या कवळीत चुकून पुढच्या दातांत फट ठेवली. डॉक्टरांनी ती परत पाठवली.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी लवंगीनं पावाचा तुकडा तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"आई, तू जळणार का गं?"

"कोण म्हणालं असं?"

"रविवारच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, जे आत येत नाहीत ते जळतात. तू आणि काका." तिनं माझी बाही धरली. "मी खूप प्रार्थना केली तर तुला सोडतील?"

ज्या एका गोष्टीसाठी मी नऊ वर्षं दारं लावून बसले होते, ती माझ्याच परवानगीनं घरात आली होती. मी तिला कुशीत घेतलं. त्याच संध्याकाळी त्याच्या दारात उभी राहिले, लवंगीचा प्रश्न सांगितला आणि जे बोलायला नको होतं तेच बोलले.

"तुमच्या बायकोला दिलेलं वचन तुमच्यापाशी ठेवा. त्यात माझ्या मुलीला ओढू नका."

त्याचा चेहरा पांढरा पडला. या वेळीही 'पण' नाही, 'परंतु' नाही. "लवंगी झोपते का नीट?" एवढंच त्यानं विचारलं. मी उत्तर न देता जिना उतरले. उतरताना आपण काय बोललो ते कळलं, पण मागे वळायला पाय तयार होईनात.

दोन रविवार आम्ही घरी बसलो. पाऊस तसाच होता. आपल्याला तो माणूस आवडतो, हे मी स्वतःशी त्या दोन रविवारी कबूल केलं, आणि नेमकं तेव्हाच, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर लवंगी मौनीला घेऊन माझ्या कामावर आली. मौनीनं साच्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एका दमात बोलली.

"मावशी, बाबा आत गेले होते. आईला नेलं त्यानंतर पहिल्यांदा. दारात किती वेळ उभेच होते, मला खिडकीतून दिसत होतं. मग आमच्या रविवारच्या वर्गात आले."

"आणि?"

"बाईंना म्हणाले, या दोन मुलींचे आईबाप बाहेर बसतात. त्यांचं काय होणार असं कुणाला वाटत असेल, तर बाहेर येऊन त्यांनाच विचारा. मुलींना विचारू नका."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बरोबर आहे म्हणाल्या. या रविवारी येणार आहेत विचारायला."

"कोण?"

"सगळे," मौनी म्हणाली, आणि तिचा आठवड्याचा शब्दसाठा संपला.

रविवारी लवंगीला घेऊन मी बाकाशी पोचले तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. मी काही बोलणार तोच दार उघडलं आणि चौदा पोरं ओळीनं बाहेर आली. मागून काठी टेकत बाई. त्यांना मी वरच्या कवळीवरून ओळखलं, माझ्याच हातची होती.

वेणीवाली एक मुलगी पुढे झाली. "तुम्ही जळणार का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"मला नाही वाटत जळेन असं. पण तुझ्याहून लहान होते तेव्हा मला तसं सांगितलं होतं, आणि मी फार घाबरले होते. इतकी, की अजून राग येतो."

मुलगी बाईंकडे वळली. बाई सावकाश म्हणाल्या, "माझा देव कुणाच्या आईला जाळेल, असं मलाही वाटत नाही बाळा. वर्गात तू म्हणालीस तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

एवढ्या वयात, पोरांदेखत, असं म्हणता येणं! माझ्या मनातली वडिलांची पहिली रांग त्या क्षणी जरा मागे सरकली.

मग प्रश्नांची झुंबड उडाली. रविवारी तुम्हाला कंटाळा येत नाही का? तुम्ही खोटं बोलता का? खऱ्या दातांची कवळी असते का? शेवटी एका चष्मेवालीनं विचारलं, "आम्हाला भीती वाटली की आम्ही देवाशी बोलतो. तुम्ही कुणाशी बोलता?"

लहान मुलांसमोर खोटं बोलवेना.

"सात वर्षं कुणाशीच नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. बाईंनी पोरांना हळूच आत वळवलं. मौनी गेली. लवंगी मात्र पायरीवर थांबली.

"आई, मी जाऊ?"

नेहमीसारखं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी त्याला विचारलं.

"तुमचा निर्णय आहे."

"मला एकटीनं नाही घ्यायचा तो. हा नाही आणि पुढचेही नाहीत. दोघींचे... आपण दोघांनी घेऊया. तुमची इच्छा असेल तर." माझे कान तापले. "आणि त्या संध्याकाळी जे बोलले, ते मला फार लागलंय. तुम्हाला तर किती लागलं असेल. तुम्ही मला आवडता हो. केव्हाचे आवडता."

त्यानं छत्री मिटली. पाऊस होता, तरी मिटली. माझा हात हातात घेतला, प्लॅस्टरच्या भुकटीसकट.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "तुम्ही ओरडत होतात तेव्हापासून." मग घसा खाकरून, अगदी गंभीरपणे, "आणि लवंगीचं म्हणाल तर... मला वाटतं, आज नको. इतके दिवस बिचारी तुमच्या काळजीत होती. आज तुमच्याजवळ बसू दे."

"नको? मी तर हो म्हणणार होते!"

"अहो, पण—"

"माझं कुणी ऐकणार आहे का?" पायरीवरून लवंगी कडाडली. "माझे तीन प्रश्न विचारायचे राहिलेत!" आणि आमच्या उत्तराची वाट न बघता ती पळत आत गेली. दार तिच्या मागे लागलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पावसात उभ्याउभ्या हसत सुटलो. दोघांनी मिळून घ्यायचा पहिलाच निर्णय आमच्या हातून निसटला होता. माझा हात मात्र त्यानं शेवटची प्रार्थना संपेपर्यंत सोडला नाही.