गेंटहून आलेला आवाज

तो सिडनीतल्या आमच्या फार्मसीत शिरला तेव्हा बाहेर जूनमधला बारीक, कंटाळवाणा पाऊस पडत होता आणि रेखाकाकू माझ्या काउंटरवर रेलून आपल्या गुडघ्यांविषयी बोलत होत्या.

उंच. काळी हुडी, ओले कुरळे केस, मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू. आणि चेहरा... अगदी आपल्याकडचा! पुण्यात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर दिसावा तसा. त्याने घशाकडे बोट दाखवलं आणि ओठांवर हात ठेवला.

"आवाज बसलाय वाटतं," काकू म्हणाल्या आणि थेट त्याच्याकडे वळल्या. "काय रे बाळा, मराठी का?"

त्याने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून मान डोलावली.

"बघ, मी ओळखलंच! पुण्याचा?"

या वेळी त्याने जरा थबकून मान डोलावली.

"एकटाच राहतोस? जेवणाचे हालच असतील. रविवारी ये आमच्याकडे टूनगॅबीला. ही मैथिली आणेल तुला."

पुन्हा मान. काकू खूश होऊन छत्री उघडत निघून गेल्या. त्याने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

'त्या बाई फार प्रेमळ आहेत. मी कशाला हो म्हणालो?'

मला इतकं हसू आलं की मागच्या खोलीतून मॅनेजरने डोकावून पाहिलं.

"तुला मराठी येत नाही?" मी इंग्लिशमध्ये विचारलं.

'मी बेल्जियन आहे. वाउटर. गेंटचा. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे.'

"मग पुण्याला मान का हलवलीस?"

त्याने सावकाश टाइप केलं. 'तेवढा एकच शब्द कळला. माझा जन्म तिथला. बाळ होतो तेव्हा मला दत्तक घेतलं.'

मी घशाच्या गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितलं आणि वर दटावलं, "कुजबुजायचंही नाही हं. त्याने घसा जास्त ताणला जातो."

त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली आणि पुन्हा टाइप केलं. 'रविवारी तू येशील ना? नाहीतर तिथे मी आणखी काय काय कबूल करेन, देव जाणे.'

रविवारी मी त्याला क्वेकर्स हिलमधल्या घरून घेतलं. त्याच्या बँडच्या साउंड इंजिनीअरचं ते घर, गॅरेजमध्ये ड्रम्स, अंगणात काळे टी-शर्ट वाळत घातलेले. त्याचा आवाज थोडा परतला होता – खोल, खरखरीत. आमचं सगळं बोलणं इंग्लिशमध्येच व्हायचं, पण आठवताना मला ते मराठीतच आठवतं. का, कोण जाणे.

"बँडचं नाव डोव्हक्लोक," तो म्हणाला. "म्हणजे बहिरी घंटा."

"आणि तू गातोस?"

"ओरडतो. व्यवस्थित, सुरात नसलेलं, पण व्यवस्थित."

सतरा वर्षांचा असताना मित्राच्या वडिलांच्या बेकरीच्या तळघरात त्यांनी सुरुवात केली होती. पिठाच्या गोण्यांनी आवाज शोषला जायचा म्हणे. आधी नुसतं हार्डकोर वाजवायचे – छोटी, रागीट गाणी. मग गिटारवाल्याला ब्लॅक मेटलच्या किंचाळ्यांचं वेड लागलं, ड्रमरला डेथ मेटलच्या धडधडीचं, आणि हे सगळं एकत्र कोंबून त्यांनी पहिला अल्बम काढला.

"मग? लोकांना आवडला?"

"हार्डकोरवाले म्हणाले, हे मेटल आहे. मेटलवाले म्हणाले, हे हार्डकोर आहे." तो हसला. "कोणीच आम्हाला आपलं म्हणेना. दुसऱ्या अल्बमनंतर जर्मनीच्या एका मोठ्या फेस्टिव्हलने बोलावलं, तेव्हा मात्र दोघंही म्हणायला लागले – हे तर आमचेच!"

तिसऱ्या अल्बमच्या जोरावर ते इथवर आले होते. पण ब्रिस्बेनच्या शोआधीच त्याचा गळा बसला. ब्रिस्बेन रद्द झालं, सिडनीचा शो आठवडाभर पुढे गेला. आणि अमेरिकेतली एक म्युझिक कंपनी उत्तरासाठी थांबली होती. करार करायचा, दीड वर्ष सलग दौरे करायचे, आणि ओरडणं कमी करून गोड गायचं!

"मग काय ठरवलंयस?"

"सगळ्यांना हो म्हणून झालंय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "कंपनीलाही. आणि ज्यांना हे नकोय, त्या बँडमधल्या दोघांनाही."

काकूंनी भरली वांगी केली होती. त्याला मराठी येत नाही हे कळल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग मान कशाला हलवलीस रे?" मी भाषांतर केलं. तो लाजून म्हणाला, "तुम्ही इतक्या आनंदात होतात..."

काकूंनी त्याला दुसरं वांगं वाढलं आणि इंग्लिशमध्ये चौकशी सुरू केली. बाबा काय करतात? ट्राम चालवतात. आई? शाळेत शिकवते.

"आणि खरी आई?"

मी दचकले. वाउटरने घास खाली ठेवला.

"तीच," तो शांतपणे म्हणाला.

काकूंचा चेहरा उतरला. उठल्या, त्याच्या भातावर वरण वाढलं, वर तूप सोडलं, आणि जाता जाता त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याने मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला दिसले आणि माझी नजर तिथून हटेना. कीव होती का ती? नाही... कीव अशी गुदगुल्या करत नाही.

मग रोजच भेट होऊ लागली. माझी शिफ्ट दुपारी संपली की तो फार्मसीबाहेर उभा असायचा. आम्ही स्टेशनजवळच्या पार्कात कॉफी घेऊन फिरायचो, आणि तो दिसेल त्या गोष्टीवर बोट ठेवून विचारायचा, "मराठीत?"

"ओलं."

"ओल्लं."

"ओल्लं नाही रे, ओलं! 'ळ' तर तुला या जन्मी जमणार नाही."

"पुढच्या जन्मी शिकवशील?"

हे असं तो बोलायचा, आणि वर निरागसपणे कॉफी प्यायचा! मी घरी जाऊन आरशात बघायचे आणि स्वतःलाच विचारायचे – बाई गं, तुझं चाललंय काय? तो शनिवारच्या शोनंतर जाणार आहे. तो किंचाळतो. तो आपल्यातला दिसतो, पण आपल्यातला नाही... मग आपल्यातलं म्हणजे नक्की काय? नाशिकहून इथे येऊन मला सात वर्षं झाली. मी तरी कुठली होते आता?

गुरुवारी पाऊस आला आणि आम्ही बस स्टॉपच्या छपराखाली थांबलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. दोघांनीही तो काढला नाही.

"तू मराठी बोलतेस ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं."

किती गोड वाक्य! मी विरघळायला हवं होतं. पण आत काहीतरी टोचलं.

"वाउटर, तुला मी हवी आहे की मराठी?"

तो गोंधळला. "मला... मला माहीत नाही."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. मी पावसातच निघाले. त्याने हाक मारली, पण त्या बसलेल्या आवाजाची हाक दोन पावलांपलीकडे पोचलीच नाही.

शुक्रवारी तो आला नाही. मी तीनदा दाराकडे पाहिलं आणि एका आजोबांना चुकीची खोकल्याची बाटली देता देता वाचले.

शनिवारी दुपारी मॅरिकव्हिलला शो होता. दारावर त्याने माझं नाव देऊन ठेवलं होतं. जावं की न जावं, हे ठरवेपर्यंत मी तिथे पोचलेही होते. सगळे काळ्या कपड्यांत, मी पिवळ्या स्वेटरमध्ये. बास वाजवणाऱ्या लीसबेथने मला लांबूनच ओळखलं.

"तू मैथिली ना? काल तो दिवसभर गप्प होता. घशामुळे नाही." तिने माझ्या हातात कानात घालायचे बोळे ठेवले. "त्याला हो म्हणायची सवय आहे, माहितीये? लहानपणापासून. नाही म्हटलं तर लोक परत पाठवतील असं वाटतं त्याला."

ती स्टेजकडे गेली आणि दिवे विझले.

पहिला आवाज आला तेव्हा मी मागे सरकले. तो आवाज त्याचा होता? ही जमिनीखालून आल्यासारखी गुरगुर, आणि पुढच्याच क्षणी पत्रा फाटावा तशी किंचाळी? ड्रम्स माझ्या बरगड्यांमध्ये वाजत होते. समोर पोरं एकमेकांवर आदळत होती. एक मुलगी पडली, तर चार हातांनी तिला लगेच उभं केलं, कोणीतरी तिचा चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा आदळाआपट सुरू! मला एकही शब्द कळत नव्हता. भीती वाटत होती. आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

शो संपल्यावर मागच्या गल्लीत तो आला. घामाने चिंब, चेहरा उतरलेला. तिरपं ऊन पडलं होतं.

"कसं वाटलं?"

"मला काहीच कळलं नाही," मी खरं ते सांगितलं.

तो खळखळून हसला. मग गंभीर झाला. "मी कंपनीला 'नाही' म्हणून कळवलं. बँडमधल्या सगळ्यांसमोर. गिटारवाला चिडलाय, कदाचित सोडूनही जाईल. पण आम्ही चौथा अल्बम आमच्याच पद्धतीने करू, गेंटमध्ये. त्या तळघरात."

"बरं केलंस."

"आणि तुलाही नाही म्हणायचंय."

"कशाला?"

"मला तुझ्याकडून मराठी शिकायची नाही. आमच्याकडे अँटवर्पला एक मराठी बाई शिकवतात, त्यांना मी मेसेज केला. पुण्याला जायचं तेव्हा मी माझा माझा जाईन. ते माझं काम आहे, मैथिली, ते तुझ्या गळ्यात नको." तो थांबला. त्याचा आवाज आता खरंच फाटला होता. "ते सगळं बाजूला ठेवून मी काल दिवसभर नुसतं बसून पाहिलं. तरी तू उरलीसच."

"आणि याचं पुढे काय होणार?"

"काही कल्पना नाही. तुला?"

"मला तर त्याहून नाही."

मी त्याच्या घामाच्या टी-शर्टवर माझं पिवळं स्वेटर खुशाल टेकवलं. लीसबेथने दार उघडलं, "ओह!" म्हणाली, आणि ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते मेलबर्नला गेले आणि तिथून घरी. मला वाटलं होतं, आठवडाभरात सगळं विरून जाईल. विरलं नाही. रोज फोन, रोज नवा गोंधळ. कधी भांडण, कधी दोन्हीकडे नुसती शांतता आणि मागे ड्रम्स. सप्टेंबरमध्ये मी मॅनेजरकडे रजा मागितली आणि ब्रसेल्सचं तिकीट काढलं.

मग आईला फोन लावला.

"बेल्जियमला? तिथे कोण आहे आपलं?"

"एक मुलगा आहे, आई."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "काय करतो?"

"गातो... म्हणजे, ओरडतो."

"ओरडतो? तुझ्यावर?"

"नाही गं! माझ्याशी फार हळू बोलतो."

मग तो प्रश्न आलाच. "आपल्यातला आहे का?"

मी उत्तर जुळवायला लागले. जन्म पुण्याचा, आईबाबा गेंटचे... आणि मग सगळं सोडून दिलं.

"ते मला खरंच सांगता येणार नाही, आई. पण माझा आहे."