निळा वास

"आज पुन्हा चुकली, तर उद्यापासून सुट्टी! कायमची!" एवढं बोलून साहेब ऑफिसात गेले आणि मामाचा चेहराच पडला.

सुट्टी बाईसाहेबांना मिळणार होती. बाईसाहेब म्हणजे मामाची पोलिसकुत्री! बारुदाचा वास आला की त्या न भुंकता तिथेच बसायच्या. पण तीन दिवस सरावात त्या रिकाम्या खोक्यांपुढेही बसत होत्या. आजही चुकल्या, तर उद्या गाडी येऊन त्यांना लांबच्या निवाऱ्यात नेणार होती. सहा वर्षं त्यांच्या शेजारी खाट टाकून झोपणाऱ्या मामानं मग काय करायचं?

"म्हातारी झाली हो ती," भांडारकाका म्हणाले. बारुदाच्या वासाची डबी खोक्यात लपवायचं काम त्यांचंच.

सुट्टीसाठी मामाकडे आलेली छकुली दुपारी बाईसाहेबांच्या पोटावर डोकं टेकून पडली. ऊन मऊ झालं होतं. तिचे डोळे जड झाले. यांच्या नाकाला जग कसं दिसत असेल? साबणाचा वास पिवळा, मामाच्या बुटांचा तपकिरी, आणि बारुदाचा निळा! अंगणभर निळे धागे तरंगू लागले. डबीवरून हातावर, हातावरून दारावर, खोक्यांवर...

छकुली ताडकन उठली. "बटाट्या! डबीला लागलेला हात मग कुठे कुठे लागतो?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो!" शेजारी लोळणारा तिचा मावसभाऊ कुरकुरला.

"ऊठ, कुंभकर्णा! निळा खडू कूट!"

दोघांनी ती पूड गुपचूप डबीला चोळली.

चार वाजता भांडारकाकांनी उघड्या हातानं डबी उचलून चौथ्या खोक्यात ठेवली आणि जाता जाता पहिलं नि तिसरं खोकं नीट सरकवलं. घाईघाईत हाताकडे लक्ष कुठलं!

बाईसाहेब आल्या आणि पहिल्याच खोक्यापुढे बसल्या.

"संपलं!" साहेब म्हणाले.

"थांबा साहेब! आम्ही डबीला निळा खडू चोळलाय. खोक्याची कड बघा!" छकुली ओरडली.

कडेवर पाच निळी बोटं उमटली होती! दुसरं खोकं कोरं होतं, बाईसाहेब पुढे गेल्या. तिसऱ्यावर पुन्हा बोटं, बाईसाहेब पुन्हा बसल्या. भांडारकाकांनी हळूच हात पाठीमागे लपवले.

"हातमोजे कुठे आहेत?" साहेब गरजले.

"घाईत राहून गेलं, साहेब..."

"तुमच्या घाईपायी हिला घालवणार होतो मी! शाबास, पोरांनो! ही इथेच राहील."

मामानं बाईसाहेबांच्या मानेत तोंड खुपसलं. थोड्या वेळानं बाईसाहेब उठल्या, सावकाश छकुलीकडे आल्या आणि तिच्यापुढे शांत बसल्या.

"आता हिच्याकडे काय सापडलं?" साहेब हसले.

छकुलीनं हात पुढे केले. दहाही बोटं निळी होती.