गाडी कोण चालवत होतं?

ऋषी, तो मोबाइल उलटा ठेव. वैदेही, तुला आत जायचं असेल तर आत्ताच जा, मध्येच उठायचं नाही. लाइट येईपर्यंत सांगतो. ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर बेतलं तो शालिकराम माझ्या चांगल्या ओळखीचा.

शालिकराम टुरिस्ट टॅक्सी चालवायचा. गाडी मालकाची, हा नोकर. यंदाच्या जानेवारीतली सतरा तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी पौषातली अमावस्या. पुण्याहून आलेलं एक कुटुंब त्याने कऱ्हांडल्याच्या जंगलाजवळ एका रिसॉर्टवर सोडलं, चहा घेतला आणि रात्री पावणेएकला रिकामी गाडी घेऊन नागपूरकडे निघाला. उमरेड रोडने. नेहमीचंच काम.

रस्ता मात्र त्याला नेहमीचा राहिला नव्हता. मागच्या वर्षी मार्चमध्ये, पहाटे पावणेपाचला, याच गाडीने याच रस्त्यावर एका सायकलवाल्याला उडवलं होतं. रुपराव त्याचं नाव. कोळसा खाणीवर चौकीदार होता, ड्यूटी संपवून घरी चालला होता. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला बिचारा. शालिकरामने पोलिसांना सांगितलं, गाडी मी चालवत होतो, सायकल अचानक आडवी आली. रुपरावची बायको प्रेमिला भेटेल त्याला एकच सांगायची, "ते कधीच आडवे जात नव्हते जी. रस्त्याची कड सोडत नव्हते." पण मेलेल्या माणसावर ढकलणं सगळ्यांनाच सोपं असतं, तो उलटून बोलत नाही.

ती गाडी तपासायला विमा कंपनीने मला पाठवलं होतं. माझा जन्मच संशय घेण्यात गेला, तुम्हाला माहीत आहे. शालिकराम सहा फुटांचा गडी. आणि ड्रायव्हरची सीट? पार पुढे ओढलेली. तिच्यावर तो मावलाच नसता. मालकाचा मुलगा सौरव मात्र बुटका. मी शालिकरामला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं.

"मीच चालवून राहिलो होतो जी," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आमच्या धंद्यात हे नवं नाही. गाडी चालवतो एक आणि गुन्हा जातो दुसऱ्याच्या नावावर. मालकाचं पोरगं सुटतं, नोकर अडकतो.

तर, प्रेमिलाने भरपाईची केस लावली होती. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी शालिकरामची कोर्टात साक्ष होती. शपथेवर सांगायचं होतं, की रुपराव आडवा आला. खरं बोलला तर नोकरी गेली. खोटं बोलला तर दोष कायमचा मेलेल्याच्या माथी. हेच डोक्यात घोळवत तो गाडी चालवत होता.

उमरेड मागे पडलं. दहा-बारा किलोमीटर झाले असतील. ती जागा आली, आणि गाडीत घंटी वाजायला लागली.

टिंग... टिंग... टिंग...

बाजूच्या सीटवर कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की वाजते ना, ती.

काय म्हणालीस वैदेही? सेन्सर बिघडला असेल? त्यालाही तेच वाटलं. त्याने हात लांबवला, रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला, क्लिप लावली. घंटी थांबली.

आणि बेल्ट ताणला गेला. जरा सैल झाला. पुन्हा ताणला... कोणीतरी दमून श्वास घ्यावा तसा.

शालिकरामने करकचून ब्रेक मारला. दार उघडेना.

मग त्याची स्वतःची सीट सरकली. पुढे.

खट्.

त्या सीटला मोटर नाही. खालची दांडी ओढल्याशिवाय ती हलत नाही.

खट्.

गुडघे समोर दाबले गेले.

खट्...

स्टिअरिंग छातीत.

कोणी काही विचारलं नाही. नुसता तो बेल्ट... वर... खाली...

"मी नव्हतो जी!" तो ओरडला. "सौरव होता! मी बाजूले बसलो होतो! जंगल सफारीचं गेट सहाले उघडते म्हणून तो पळवून राहिला होता... तुमची सायकल कडेलेच होती! म्या पाह्यली होती!"

बेल्ट हलायचा थांबला.

क्लिप सुटली. आपोआप.

रविवारी सकाळी सातला तो माझ्या दारात. गुडघे हे एवढे सुजलेले. मी सगळं ऐकून घेतलं. विश्वास? छे! साक्ष फिरवायची वेळ आली की माणसाला भुतं दिसायला लागतात, हे मी चाळीस वर्षं बघत आलोय. गुडघे काय, कुठेही आपटता येतात.

"काहून खोटं बोलू साहेब?" तो म्हणाला. "मी उद्या खरं सांगतो. पन तुमचा कागद मले आडवा येईल. त्याच्यात तुमीच मले ड्रायव्हर लिवलं."

लिहिलं होतं. सीट डोळ्यांनी पाहूनसुद्धा, त्याने सांगितलं ते नाव लिहिलं आणि सही ठोकून मोकळा झालो. कशाला नसती कटकट, म्हणून. आज तुमच्यासमोर सांगताना लाज वाटते.

सोमवारी आम्ही दोघंही कोर्टात उभे राहिलो. तो बोलला, मीही बोललो. त्याची नोकरी गेली, माझी अब्रू गेली. रुपरावच्या माथ्यावरचा दोष मात्र उतरला. प्रेमिला कोर्टाच्या पायरीवर बसून खूप वेळ रडत होती.

आता तू विचारशील ऋषी, की काका, तुमच्यासारखा संशयी माणूस तयार झाला कसा?

त्या रविवारी शालिकराम गेल्यावर मी कपाट उघडलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या जानव्याला. त्या कागदाची माझी प्रत काढली. खाली माझी सही होती. बाजूला साक्षीदाराची चौकट. ती मी कोरी सोडली होती, पक्कं आठवतं.

त्या चौकटीत अंगठा उठला होता. काळाकुट्ट. मी बोट लावलं तर पसरला... ओला होता अजून.

मी बोट नाकाशी नेलं. तेल होतं. सायकलच्या चेनचं.